कवितेत अन्नाची आठवण उतरवताना

भाकर, चूल आणि आई. मराठवाड्यातल्या कुठल्याही कविसंमेलनात हे तीन शब्द तासाभरात दहा वेळा कानावर पडतात. त्यातल्या बऱ्याच कविता एकाच जागी अडकतात. पदार्थाचं नाव येतं, मागोमाग 'आईच्या हातची चव' येते, डोळे पाणावतात आणि कविता संपते. कवीला दुःख झालंय एवढं ऐकणाऱ्याला कळतं, पण त्याच्या जिभेवर काही येत नाही, नाकाला काही लागत नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी भावना ठरते आणि मग तिच्यासाठी पदार्थ शोधला जातो. खाली दिलेला क्रम उलटा आहे: आधी हाताची कृती, मग तिचे तपशील, मग आठवण कोणाची ते, आणि सगळ्यात शेवटी ओळी. सगळे टप्पे एकाच उदाहरणावर दाखवले आहेत, ते म्हणजे येसर. भाजलेली धान्यं आणि मसाला दळून डब्यात भरून ठेवायचा आणि वर्षभर आमटीला वापरायचा, हा प्रकार मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. भाकर मुद्दाम घेतली नाही. तिच्यावर इतकं लिहून झालंय की नवशिक्याच्या हातात ती आयत्या ओळी ठेवते.

## तयारी

एक वही, एक आठवडा, आणि ज्या पदार्थावर लिहायचंय तो एकदा प्रत्यक्ष करणं किंवा होताना शेवटपर्यंत बघणं. हे तिसरं काम लोक टाळतात. 'लहानपणापासून बघतोय की' असं म्हणतात आणि मग कवितेत भाकर लाटली जाते.

बघताना मोबाईल दूर ठेवा. फोटोत वास येत नाही, आणि फोटो काढला की डोळे काम थांबवतात. कृती संपल्यावर लगेच, हात धुवायच्या आधी, वहीत वीस ओळी उतरवा. वाक्यं नकोत, नुसत्या नोंदी: 'चमचा डब्याच्या कडेला घासतो', 'फोडणीत पाणी पडल्यावर आवाज एकदम बसतो'.

घरातल्या वयस्कर माणसांना विचारायचं असेल तर प्रश्न नीट निवडा. 'तुमच्या काळी काय खायचात?' असं विचारलं की पदार्थांची यादी मिळते, आणि याद्यांचा कवितेला काही उपयोग नाही. त्याऐवजी हे विचारा:

- ते कशात ठेवायचात? वर काय झाकायचात?
- सरपण काय होतं? जाळ कोण सारायचं?
- सगळ्यात शेवटी कोण जेवायला बसायचं, आणि तोवर कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, उरायचं का?
- उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी काय व्हायचं?
- बिघडलं तर कशानं बिघडायचं?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला मिळालेली उत्तरं जपून ठेवा. उरलं आणि बिघडलं या दोन गोष्टींत माणसं खरं बोलतात.

तपासा: वहीत 'छान', 'खमंग', 'चविष्ट', 'अप्रतिम' यांतला एक जरी शब्द असला तरी ती नोंद खोडून पुन्हा लिहा. काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं, एवढंच ठेवा.

## टप्पा १ : पदार्थ बाजूला ठेवा, एक क्रिया उचला

कविता पदार्थाच्या नावावर उभी केली तर तिला हलायला जागा मिळत नाही. नाव घेतलं की काम संपलं असं वाटतं. क्रियापद घेतलं की हात येतो, हाताबरोबर माणूस येतो, आणि माणसाबरोबर वेळ येते.

मराठीत स्वयंपाकाची क्रियापदं भरपूर आहेत आणि प्रत्येकाची हालचाल वेगळी आहे. पाखडणं, निवडणं, भरडणं, चाळणं, रगडणं, थापणं, शेकणं, कालवणं, वैरणं, घोटणं, आटवणं, विरजणं, मुरणं, उतू जाणं, तळाला लागणं, करपणं. ही यादी वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे, ती क्रिया होत असताना वेळेचं काय होतं, ते लिहा. आठवणीची कविता वेळेवर चालते, म्हणून ही नोंद लागते.

- विरजणं रात्रभर चालतं आणि कुणी बघत नसताना होतं. सकाळी भांडं जरा तिरकं करून बघितल्यावरच लागलं की नाही ते कळतं.
- वैरणं म्हणजे एका हातानं पीठ किंवा कण्या उकळत्या पाण्यात सोडत दुसऱ्या हातानं हलवत राहणं. दोन्ही हात गुंतलेले असतात, मधेच उठता येत नाही.
- पाखडणं हलकं ते उडवतं आणि जड ते ठेवतं. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, यावर लिहिताना याच्यासारखी क्रिया दुसरी सापडणार नाही.
- मुरणं आपोआप होतं. हात लागला की बिघडतं.
- तळाला लागणं आधी वासानं कळतं, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

तुमच्या मनात जी आठवण घोळतेय ती यांतल्या कुठल्या वेळेसारखी आहे ते शोधा. उशिरा कळलेली गोष्ट असेल तर विरजणाची क्रिया तिला बसणार नाही, तळाला लागण्याची बसेल. ही निवड बरोबर झाली तर पुढे उपमेची गरजच पडत नाही.

येसरात क्रिया आहे कालवणं. दोन-तीन चमचे येसर आधी वाटीत गार पाण्यात कालवून घ्यायचं, बोटानं गुठळ्या मोडायच्या, आणि मग ते पातळ मिश्रण आधणात सोडायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात थेट पडलं तर प्रत्येक गोळ्याची बाहेरची बाजू क्षणात शिजून चिकट होते. पाणी आत शिरू शकत नाही. गुठळी बाहेरून ओली दिसते, फोडली की आत पीठ कोरडंच्या कोरडं. ही गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे ती लागणार आहे.

सावधान: एका कवितेत एकच क्रिया. दळणं, थापणं, वाढणं आणि भांडी घासणं सगळं आलं की कवितेचा दिनक्रम होतो.

## टप्पा २ : तपशील गोळा करा आणि ऋतूशी ताळा करून घ्या

निवडलेल्या क्रियेभोवती पाच गोष्टी जमवा: वास, आवाज, भांडं, जाळ आणि ऋतू. चव यात नाही. चवीला मराठीत शब्द थोडे आहेत, गोड, आंबट, तिखट, खारट, तुरट, कडू, आणि वापरून वापरून ते बोथट झालेत.

वासाला मात्र पहिली जागा द्या. बाकी इंद्रियांच्या खबरा मेंदूत थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातात. वास त्या वळणाला न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. म्हणून वास आल्यावर आधी काहीतरी हलतं आणि तो कशाचा आहे ते नंतर आठवतं. कवितेतही हाच क्रम ठेवा. आधी वास, मग बऱ्याच ओळींनी नाव, किंवा नाव नाहीच.

वास लिहिताना एकाच शब्दात उरकू नका. बहुतेक वास दोन टप्प्यांत येतात. येसराच्या डब्याचं झाकण काढलं की आधी धणे येतात, भाजका गहू जरा उशिरानं येतो. हे 'जरा उशिरानं' पकडलं की ओळ आपोआप खरी वाटते.

जाळ हा सगळ्यात दुर्लक्षित तपशील. 'चूल पेटली' एवढ्यावर लोक थांबतात. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, भराभर जळतात, ज्वाळ देतात आणि राख होतात. तुराट्यांवर स्वयंपाक म्हणजे एका माणसानं सतत जाळ पुढं सारत बसायचं. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचंही जवळपास तसंच. बाभळीचं लाकूड निखारा धरून ठेवतं. गोवरी धुमसत राहते. तुमच्या कवितेतली बाई मान वळवून कुणाशी बोलतेय की तिला मान वळवायला फुरसत नाही, हे सरपणावर ठरतं.

आता ऋतूचा ताळा. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि गावाकडचा वाचक त्या पहिल्या वाचनात पकडतो.

- हुरडा रब्बीच्या ज्वारीचा, दाणा हिरवा आणि दुधाळ असतानाचा. डिसेंबर-जानेवारीची थंडी. चैत्राच्या उन्हात हुरडा भाजला की कविता तिथंच संपली. आगटीतलं, म्हणजे हुरड्यासाठी केलेल्या विस्तवातलं, कणीस हातावर चोळावं लागतं, म्हणजे तळहात भाजतात. ते विसरू नका.
- वेळ अमावास्या मार्गशीर्षातली, मुख्यतः लातूर आणि धाराशिवकडची. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आणि जेवायला अंबिल, भज्जी, उंडे. तिला सगळ्या मराठवाड्याचा सण करून टाकू नका.
- कुरडया, पापड, सांडगे उन्हाळ्यातले. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात आणि रोज पाणी बदलतात. चीक शिजवायला पहाटे घेतात, कारण वाळायला दिवसभराचं ऊन हवं.
- तरोट्याची कोवळी भाजी पहिल्या पावसांनंतरची.
- बाजरी थंडीतली. भर मे महिन्यात बाजरीची भाकर आणि तीळ लिहिलं तर का, ते कवितेत यायला हवं.
- येसर उन्हाळ्यात भाजून दळून ठेवलं जातं. पावसाळ्यात डबा उघडला तर आत उन्हाळा आहे. ही नोंद आपल्याला लागणार आहे.

तपासा: वहीतल्या नोंदींवरून महिना सांगता येतो का? दिवसाची वेळ सांगता येते का? दोन्ही येत नसतील तर अजून तपशील गोळा करायचे आहेत.

## टप्पा ३ : आठवण नेमकी कोणाची, ते ठरवा

आठवणी तीन तऱ्हेच्या असतात आणि त्यांची भाषा वेगवेगळी असते. स्वतः पाहिलेली, कुणी सांगितलेली, आणि सगळ्यांनी मिळून मानलेली. तिसरी सोडून द्या. 'गावाकडचं ते साधं जेवण' ही कुणाचीच आठवण नाही.

सांगितलेल्या आठवणीत मोठा धोका असतो. १९७२च्या दुष्काळावर आजही लिहिलं जातं, आणि लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण त्यानंतर जन्मलेले आहेत. त्या काळातल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ, खडी फोडणारे हात, हे सगळं कवितेत यायला काहीच हरकत नाही. पण तुम्ही ते खाल्लेलं नाही, हे अंतर कवितेत दिसलं पाहिजे. 'आजी मिलो म्हणताना अजूनही तोंड फिरवते' ही तुमची आठवण आहे. 'मी मिलोची भाकर मोडली' ही नाही. आजीचं फिरवलेलं तोंड तुम्ही पाहिलंय, तेच लिहा. ते जास्त जवळचं आहे.

भुकेवर लिहिताना शब्द कमी करा. उपाशी पोटाला चंद्राची भाकर दाखवणं सोपं आहे, आणि ज्यानं उपास काढलाय त्याच्यापुढं ती ओळ वाचवत नाही. वस्तू मोजून सांगा: किती भाकरी होत्या, किती माणसं, कुणी 'भूक नाही' म्हटलं.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मराठवाड्यातल्या अन्नाच्या आठवणीत पंगत जशी आहे तशी पंगतीबाहेरची जागाही आहे. वेगळा ठेवलेला कप, वरून ओतलेलं पाणी, अंगणात वाढलेलं ताट. ज्याच्या घरात हे घडत होतं त्यानं फक्त मायेचा घास लिहिणं ही अर्धी नोंद आहे. प्रत्येक कवितेत ते आलंच पाहिजे असं नाही. पण लिहायला बसण्याआधी वहीत एक ओळ जरूर लिहा: त्या स्वयंपाकघरात कोण येऊ शकत नव्हतं, आणि सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय असायचं. कधी कधी कविता त्याच ओळीत सापडते.

## टप्पा ४ : प्रतिमेची अवस्था बदलू द्या

प्रतिमा आली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली तर ते चित्र झालं. अन्नाचं बळ त्याच्या बदलण्यात आहे. गरमाचं गार होतं, ओल्याचं कोरडं, भरल्याचं रिकामं, मऊचं कडक. कवितेच्या सुरुवातीला वस्तू एका अवस्थेत असेल आणि शेवटी दुसऱ्या अवस्थेत, तर मधला काळ न सांगता वाचकाला कळतो.

कागदावर एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला वस्तूची सुरुवातीची अवस्था लिहा, उजव्या टोकाला शेवटची. मधे एकच खूण करा: बदल कुणामुळं झाला. येसरासाठी रेघ अशी होईल. डावीकडं: डबा भरलेला, पीठ कोरडं. उजवीकडं: डबा तळाला आलेला, आमटी ओली, आणि तिच्यात एक गुठळी जिच्या आत पीठ अजून कोरडंच. मधली खूण: घाई.

बघा, इथं अर्थ आपोआप जमायला लागला. आई गेली, डबा संपत आला, सगळं ओलं झालं, पण एका गुठळीच्या आत तिनं भाजलेलं पीठ जसंच्या तसं आहे. हे कवितेत सांगायचं नाही. रेघेवर दिसतंय, तेवढं पुरे.

सावधान: 'आई येसरासारखी', 'आयुष्य भाकरीसारखं' अशी ओळ सुचली की थांबा. 'सारखी' आणि 'जणू' यांनी वस्तू आणि माणूस शेजारीशेजारी बसतात, एकमेकांत मिसळत नाहीत. पूर्ण कवितेत असा शब्द एकदाच चालेल, तोही नाइलाजानं.

## टप्पा ५ : पहिला खर्डा

बारा ते सोळा ओळी. एका बैठकीत. क्रम असा ठेवा: वास, हात, भांडं, कृती, चूक किंवा अडथळा, बदललेली वस्तू. नाव शक्यतो मधे कुठंतरी सहज येऊ द्या.

इथं मराठीचा एक खास सापळा आहे, त्यावर थोडं थांबू. आठवण म्हटली की हात आपोआप '-यची' कडं जातो. आई थापायची, वाढायची, हसायची, म्हणायची. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. नेहमी घडणारी गोष्ट सांगायला तो बरोबर आहे. पण सलग चार ओळी '-यची'नं संपल्या की शंभर दिवस एकमेकांत मिसळतात आणि एकही दिवस दिसत नाही. वाचकाला एक दिवस हवा असतो.

शेजारी ठेवून बघा.

> आई चुलीपुढं बसायची
> भाकरीला पाणी फिरवायची
> आमची वाट बघायची

> वरचं पाणी सुकत आलं तरी
> तिनं भाकर उलटली नाही.
> दाराकडं बघत होती.

दुसऱ्या तुकड्यात काय झालं ते नीट पाहा. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या अंगाला पाणी फिरवतात आणि ते सुकत आलं की उलटतात. उशीर झाला तर भाकर तडकते, पापुद्रा नीट सुटत नाही. स्वयंपाक येणाऱ्या वाचकाला 'उलटली नाही' एवढ्यावर कळतं की ही बाई आज जागेवर नाही. 'वाट बघायची' हे न सांगता वाट बघणं आलं. आणि हे '-यची' मधे लिहिताच आलं नसतं, कारण भाकर रोज तडकत नाही.

नियम साधा ठेवा: हाताची कृती वर्तमानात किंवा साध्या भूतकाळात. '-यची' पूर्ण कवितेत एकदा, फार तर दोनदा.

आता येसराची कविता. पहिला खर्डा बहुतेकांचा असा येतो:

> आईच्या हातची येसर आमटी
> किती खमंग तिची चव
> आजही जिभेवर रेंगाळते
> आठवणींचा तो ठेवा

चार ओळींत एकही हालचाल नाही. वास नाही, भांडं नाही, महिना नाही. 'येसर' काढून 'पुरण' घातलं तरी काही बिघडत नाही, आणि पदार्थ बदलून बघणं हीच या खर्ड्याची चाचणी आहे. पदार्थ बदलला तरी कविता उभी राहत असेल तर पदार्थ तिच्यात शिरलेलाच नाही.

वरच्या टप्प्यांतून जमवलेल्या नोंदी घेऊन तीच कविता:

> झाकण निघालं. आधी धणे,
> मग जरा उशिरानं भाजका गहू.
> चमचा डब्याच्या तळाला लागतो आता.
> आधण उकळायलंय.
> वाटीत कालवायचं राहिलं,
> तसंच सोडलं.
> घाई करायलीस, गुठळ्या होतील बघ.
> झाल्या.
> ताटात एक आली, शेंगदाण्याएवढी.
> दातानं फोडली.
> आत पीठ कोरडं,
> मागच्या चैतात भाजलेलं.

येसर हा शब्द आलाच नाही. आई हा शब्दही नाही. सातव्या ओळीत कोण बोलतंय ते सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याच्या कानात तो आवाज आपोआप येतो. पाऊस आणि उन्हाळा यांतलं अंतर 'मागच्या चैतात' एवढ्यात आहे. येसर हे नाव शीर्षकाला दिलं की ज्याला माहीत नाही त्यालाही धागा मिळतो.

## टप्पा ६ : बोलीचा शब्द कुठं ठेवायचा

वरच्या कवितेत बोली दोन-तीन ठिकाणीच आहे: 'उकळायलंय', 'करायलीस', 'चैतात'. एवढी पुरते. '-यलंय', '-यलीस' ही रूपं कानावर पडली की ऐकणारा मराठवाड्यात पोचतो, वेगळा पत्ता द्यावा लागत नाही.

प्रत्येक ओळीत बोलीचे शब्द पेरले की ते नटवल्यासारखे दिसतात. दुसरी चूक बोली मिसळण्याची. मराठवाड्याच्या कवितेत एक रूप वऱ्हाडी, एक अहिराणी असं झालं की घर कुठलं तेच कळत नाही. मराठवाड्यातही नांदेडचा कान आणि धाराशिवचा कान वेगळा आहे. ज्या माणसाच्या तोंडी वाक्य घालताय त्याच्या गावची बोली लिहा.

कोरड्यास, घुटं, कण्या, भानवस असे शब्द वापरायचे तर शेजारी अशी कृती ठेवा की अर्थ आपोआप लागेल. 'भानवशीवर कोरड्यास झाकून ठेवलेलं, अजून कोमट' असं लिहिलं की भानवस चुलीशेजारी आहे आणि कोरड्यास भाकरीबरोबर खायचंय हे न सांगता कळतं. कवितेखाली शब्दार्थ द्यावा लागला तर ती ओळ पुन्हा लिहा.

## टप्पा ७ : कापणी

खर्डा दोन दिवस बाजूला ठेवा. मग पेन्सिल घेऊन याच क्रमानं कापा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी शेवट कापला की बाकीचं काय जास्तीचं आहे ते स्पष्ट दिसतं.

१. शेवटच्या दोन ओळी झाकून वाचा. कविता तिथंच पुरी होत असेल तर त्या काढा. अन्नाच्या कवितेचा शेवट बहुतेक वेळा अर्थ समजावण्यात वाया जातो.

२. 'आठवण', 'आठवतं', 'स्मृती', 'बालपण', 'माया', 'ऊब' हे शब्द शोधून खोडा. खोडल्यावर ओळ कोसळली तर तिथं तपशील कमी आहे. वहीतली एखादी नोंद तिथं बसवा.

३. विशेषणं मोजा. रंग, आकार आणि माप सांगणारी ठेवा. 'शेंगदाण्याएवढी' हे माप आहे, ते राहील. 'इवलीशी' जाईल.

४. दुसरा पदार्थ आला असेल तर काढा. याद्या म्हणता म्हणता वाढतात: ठेचा आला की पिठलं येतं, मागून धपाटे येतात, आणि कविता जेवणावळ होते.

सावधान: कापताना क्रियेचा क्रम मोडू देऊ नका. कालवण्याआधी आधण, सोडल्यावर गुठळी. मधली पायरी गळली की स्वयंपाक येणारा वाचक तिथंच अडतो आणि पुढचं त्याला ऐकू येत नाही.

## टप्पा ८ : लय आणि मोठ्यानं वाचन

मुक्तछंदात लिहीत असाल तर ओळीची लांबी हाताच्या हालचालीवरून ठरवा. 'झाल्या.' ही एका शब्दाची ओळ आहे कारण तिथं हात थांबलाय. छंदात लिहायचं असेल तर अभंगाचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा साचा किंवा अष्टाक्षरी अन्नाच्या विषयाला चांगली बसते. मात्र अक्षरं भरायला 'ती', 'ग', 'रे', 'हो' घालावं लागलं तर मुक्तछंदाकडं परत या. ओवीचा घाट घ्यायचा असेल तर आधी जात्याची लय कानात हवी: एक फेरा, एक ओळ, मधे श्वास. ती न ऐकता ओवी लिहिली की नुसतं यमक राहतं.

मोठ्यानं वाचा, आणि पहिलं वाचन तो पदार्थ स्वतः करणाऱ्या माणसापुढं करा. कविता कशी वाटली ते विचारू नका. लोक सौजन्यानं छान म्हणतात. फक्त विचारा, 'यात करण्यात काही चुकलंय का?' हात चालवणारी माणसं या प्रश्नाचं उत्तर नेमकं देतात. 'गार पाण्यात कालवल्यावर लगेच सोडत नाहीत, जरा भिजू द्यावं लागतं' असं काही मिळालं तर ती दुरुस्ती आहेच, आणि कधी कधी पुढची ओळही.

वाचताना समोरच्याच्या हातांकडं लक्ष ठेवा. एखाद्या ओळीला बोटं वाटीत फिरवल्यासारखी हलली तर ती ओळ ठेवा. जिथं मान नुसती डोलते तिथं पेन्सिलीनं खूण करून टप्पा दोनच्या नोंदींकडं परत जा. कवितेत न आलेल्या नोंदी फाडू नका. पानावर महिना आणि गावाचं नाव लिहून ठेवा. येसराच्या वहीत तळाला लागलेल्या चमच्याचा आवाज अजून वापरायचा राहिलाय.